पोटाला लावलेलं कुंकू

कुजलेल्या पायाचा वास एकदा नाकात शिरला की दिवसभर मुक्कामाला राहतो. साबणाने हात धुवा, डेटॉलने धुवा, संध्याकाळी घरी जाऊन मेथी निवडायला बसा. तो पाव्हण्यासारखा मागोमाग येतो आणि शेजारी बसतो. परवा सकाळी आमच्या शिरूरच्या दवाखान्यात तो असाच आला. घोडनदीकडून गार वारा सुटला होता, ड्रेसिंगच्या खोलीची खिडकी उघडी होती, आणि दारात जीप थांबवून दोघांनी एका म्हाताऱ्याला काखेत हात घालून आत आणलं. साखरेच्या आजाराचा पाय. अंगठा काळा ठिक्कर, घोट्यापर्यंत सूज, आणि गुडघ्याखालचा सगळा पाय एका गोधडीत गुंडाळलेला. गोधडीवरचं कापड हिरव्या लुगड्याचं, काठ तांबडे. एका कोपऱ्यावर पू झिरपून वाळला होता आणि तिथं कापड पत्र्यासारखं कडक झालं होतं. मी खाली बसून ती हलक्या हाताने सोडवली, पाय स्टुलावर घेतला, आणि मग मान वर करून पाहिलं. तो माझा सख्खा मामा होता.

मामाला मी तोंडावर अहो-जाहो करते, लहानपणापासूनची सवय आहे. मनातल्या मनात मात्र कित्येक वर्षांत केलेलं नाही, आणि इथंही करणार नाही. त्याने मला ओळखलं. "तू व्हय," एवढंच म्हणाला आणि पाय जरा पुढं सरकवला, जणू कालच भेटलो होतो. मी हातमोजे घातले. पेरॉक्साइड ओतलं की जखमेवर फेस येतो, तो टिपून घ्यायचा, मेलेलं मांस चिमट्याने उचलायचं, मग पुन्हा धुवायचं. हे काम मी इतक्या वेळा केलंय की हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं. डोकं मोकळं राहणं त्या दिवशी काही बरं नव्हतं.

"किळस नाही का हो येत तुम्हाला?" हा प्रश्न नर्सला सगळेच विचारतात. विचारताना त्यांचं स्वतःचं नाक आधीच आक्रसलेलं असतं. खरं सांगू? सुरुवातीचे काही दिवस येते, मग येत नाही. पू तर बिचारा प्रामाणिक असतो. आत काय सडलंय ते तो बाहेर येऊन सांगतो. ओकारी, हगवण, रक्त, बेडपॅन, ह्यातल्या कशानेही मी कधी जेवणावरून उठलेली नाही. मला शिसारी येते ती वेगळ्याच गोष्टींची. धुतलेल्या कपड्यांतली माणसं मांडी ठोकून, पान चघळत, हसत हसत जे बोलतात त्याची. ती शिसारी मी आजवर कुणाला धड सांगू शकले नाही. सांगायला गेलं की लोक म्हणतात, जाऊ द्या हो, जुन्या वळणाची माणसं. तुम्ही तसं म्हणणार नाही असं वाटतं, म्हणून सांगते.

आमचं गाव भीमेच्या काठी, वडगाव रासाईपासून जवळ. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकून विहीर पाडली, मग कांदा आला, ऊस आला, एखाद्या वर्षी झेंडू. आईचं माहेर पैलतीराला, दौंड तालुक्यात. मधे फक्त नदी. पूर्वी उन्हाळ्यात पात्र आटलं की बायका डोक्यावर पाटी घेऊन पायी ये-जा करत. पुढं बंधारा झाला आणि पावसाळा सोडला तर कायमची वाट झाली. आमच्या अंगणात उभं राहिलं की आईच्या माहेरची मोठी चिंच दिसायची. आई भाकऱ्या थापता थापता मधेच दारात येऊन तिकडं बघायची आणि म्हणायची, आज दादानं बैलं लवकर सोडली वाटतं. तिला खरंच बैल दिसत की नुसतं वाटायचं, देव जाणे. माहेर इतकं नजरेच्या टप्प्यात असलेली बाई भाग्याची म्हणतात. तिलाही तसंच वाटायचं.

मी तिच्या पोटात असताना, सातव्या महिन्यात, ती ओटी भरून घ्यायला माहेरी गेली होती. मामाला तेव्हा एक मुलगा होता, रांगणारा. ओटी भरून झाली, गाणी झाली, आणि मामीने करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन आईच्या पोटाला लावलं. मुलगी झाली तर आमची. आमच्याकडं ह्याला पोटाला कुंकू लावणं म्हणतात. मुलगा झाला असता तर त्या कुंकवाची पुन्हा कुणी आठवणही काढली नसती. झाले मी. बाजारात विकल्या गेलेल्या मेंढराच्या पाठीवर रंगाची खूण करतात, तशी माझ्यावर जन्मायच्या आधीच खूण झाली. लहानपणी मला ह्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट मिरवायला बरं वाटे. मामाचा मुलगा जत्रेत मला गोडीशेव घेऊन द्यायचा आणि मी ती खुशाल खायची. त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आताही नाही. तो पुढं शिक्रापूरच्या एका कंपनीत लागला, तिथंच खोली घेऊन राहू लागला. भला, गप्प, बाप म्हणेल त्या दिशेला मान हलवणारा.

मी पुण्याला नर्सिंग शिकले आणि दौंडला स्टेशनजवळच्या एका खासगी दवाखान्यात पहिली नोकरी धरली. रेल्वेतली माणसं, कारखान्यावरची, ऊसतोडीची, असे सगळे पेशंट. काम मला आवडायचं. सुट्टीला गावी गेले की मात्र तोंड कडू होऊन परत यायचे. माझी चुलती माझ्या हातचं पाणी घेईना. एका बारशाला मी पाळण्याला हात लावायला गेले तर कुणीतरी बाळच उचलून घेतलं. हे एक वेळ मी गिळलं असतं. पण ओट्यावर बसलेल्या बाया जवळ सरकून हळूच विचारायच्या, पुरुषांचं बी धुवावं लागतं व्हय गं? मी म्हणायची, लागतं. मग सगळ्यांचा पदर तोंडाला. त्या पदराआडचं जे हसू होतं ना, ते मला कुठल्याही बेडपॅनपेक्षा घाण वाटायचं. त्यांच्याच घरातली म्हातारी माणसं अंथरुणाला खिळली की ह्याच मला बोलवायला यायच्या.

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर केरळच्या होत्या. उभं आयुष्य दौंडात गेलेलं, मराठी आपली मोडकीतोडकी. त्यांनीच एक दिवस पेपरचा तुकडा माझ्या हातात ठेवला: लष्कराच्या रुग्णालयांसाठी नर्स हव्या होत्या, अधिकारी म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर लगेच दौंडचा प्लॅटफॉर्म आला. एकदा दुपारी जवानांची गाडी तिथं थांबली होती, नळावर बाटल्या भरायला झुंबड होती, आणि डब्यातून वर्दीतली एक बाई उतरली. माझ्याहून थोडी मोठी असेल. नळाजवळचा एक मिशीवाला जवान ताडकन सरळ झाला आणि त्याने तिला सलाम ठोकला. तिने सहज, दुसरं काही बोलता बोलता, तो घेतला. मी पेरू घ्यायला थांबले होते; पेरूवाल्याने दोनदा हाक मारली तरी मला ऐकू आली नाही. बाईच्या कामाला कुणी पदराआड हसत नाही अशी एखादी जागा जगात आहे, एवढंच मला तेव्हा कळलं, आणि तिथं जायचं हे ठरून गेलं.

मोठ्या सिस्टरांनी मला समोर बसवून अटी वाचायला लावल्या. पाच वर्षांची बांधिलकी. मधेच नको वाटलं म्हणून सोडून येता येणार नाही. पाठवतील तिथं जायचं, बर्फात, वाळवंटात. रजा मिळेल तेव्हाच घर. आणि भरती होताना लग्न झालेलं नसावं. मी म्हटलं, सगळं मान्य आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "ऐसा पटकन मान्य नको बोल. पूरा वाच. शादीचा बाँड कोणी वाचत नाही, हा तरी वाच." हसल्या नाहीत. मी घरी नेऊन तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. त्यात माझ्यावर बंधनं होती, पण ती मला आधी सांगितलेली होती, आणि सही माझी मागितली होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारून मला बांधून घेत होतं.

घरात सांगितलं तेव्हा वडील उठून विहिरीकडं गेले. ते चांगल्याला काही बोलत नसत आणि वाईटालाही नाही. आईने विचारलं, तिकडं जेवायला काय देत्यात. बातमी बंधाऱ्यावरून पैलतीराला गेली आणि दुसऱ्या दिवशी मामा हजर. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. तर मामा खुशीत. पगार किती, हुद्दा काय, रेल्वेचा पास मिळतो का, सगळं विचारून घेतलं. मग पान जुळवत त्याने आपला बेत सांगितला. आधी लग्न उरकायचं, वस्तीवरच, चार माणसांत, मांडव नाही, बँड नाही. मग पोरीनं खुशाल पलटणीत जावं आणि लग्न झालेलं नाही म्हणून लिहून द्यावं. पाच वर्षं नोकरी करावी, पैसा घरी पाठवावा, रजेत नांदायला यावं. दिल्लीचा साहेब भीमेच्या काठी बघायला येतोय व्हय? मी म्हटलं, मामा, हे खोटं आहे, पकडलं तर माझं सगळं जाईल. तो हसला. लग्न त्याच्या लेखी इतकं पवित्र होतं की माझ्या जन्माआधी ठरलेलं ते कुणी मोडू शकत नव्हतं, आणि त्याच लग्नाला गोणपाटाखाली लपवायला त्याची काडीची हरकत नव्हती. गावातली दोन-चार शहाणी माणसंही माना डोलवत होती, कशी दोन्ही डगरींवर हात ठेवायची युक्ती काढली म्हणून. मला त्या क्षणी आमच्या ओसरीवरचं घोंगडंसुद्धा घाण वाटायला लागलं.

मी ठाम नाही म्हणून सांगितलं आणि मुलाखतीला गेले. पुढं वैद्यकीय तपासणी होती. तिची तारीख आली तशी मामा पुन्हा आला, ह्या वेळी मुलालाही घेऊन. मुलगा खाली मान घालून बसला. आणि भरल्या ओसरीवर, माझे वडील, चुलते, शेजारचे आप्पा सगळे बसलेले असताना, मामाने विचारलं, त्या तपासणीला कपडे काढावे लागत्यात का, आन् बघणारा डॉक्टर बाप्या असतो का बाई. मी दारात उभी होते. कुणीही त्याला गप्प केलं नाही. उलट सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि काही जणांना ते उत्तर फारच ऐकायचं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिसारी म्हणजे काय ते मला त्या ओसरीवर कळलं. प्रत्यक्ष तपासणी एका उतारवयाच्या डॉक्टरीणबाईने केली. डोळे, दात, पाठीचा कणा, तळपाय. मधेच तिने विचारलं, थंडी वाजतेय का, आणि उठून पंखा कमी केला. माझ्या देहाकडं फक्त देह म्हणून बघितलं ते त्या परक्या बाईने. घरच्यांनी त्याचा लिलाव मांडला होता.

शेवटची पायरी पोलीस चौकशीची. उमेदवाराने लिहून दिलेलं खरं आहे का, चालचलणूक कशी आहे, हे गावात येऊन विचारतात. एका दुपारी एक वयस्क हवालदार आमच्या दारात आले. लिंबाखाली बाज टाकली, चहा दिला. मामा नेमका त्या दिवशी घरात होता. नेमका म्हणते, पण मला खात्री आहे की त्याला कुणीतरी कळवलेलं होतं. त्याच्या डोक्यात काय होतं ते मला नंतर उमगलं. त्याला माझी नोकरी मोडायची नव्हतीच मुळी. पोटाच्या कुंकवाला कुणी लेखी पुरावा नसतो, आणि मी हाताबाहेर चालले होते. सरकारी माणूस आयता दारात आलाय, तर त्याच्यासमोर नातं बोलून ठेवलं की ते पक्कं झालं, पोलीस साक्षीदार झाला, असा त्याचा भाबडा हिशेब. भाबडा शब्द मी वापरला खरा, पण तो फार गोड आहे, मागे घेते.

हवालदारांनी वडिलांना विचारलं, मुलीचं लग्न झालंय का. वडील तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "झाल्यालंच धरा, सायेब. आमच्या घरची सून हाय ती. पोटात हुती तवाच कुंकू लावलंय. सगळं गाव सांगंल."

हवालदारांचं लिहिणं थांबलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी लिहून दिलं होतं अविवाहित, आणि इथं चारचौघांत माणूस छातीठोकपणे सांगत होता की ही आमची सून. खोटी माहिती दिली एवढा शेरा पडला असता की संपलं. दौंडचा तो प्लॅटफॉर्म, तो सलाम, सगळं. हवालदार वडिलांना म्हणाले, आबा, तुम्ही सांगा, खरं काय. आणि माझे वडील, ज्यांनी माझ्यासाठी कांदा विकून पुण्याची फी भरली होती ते वडील, पायाच्या अंगठ्याने माती उकरत बसले. मेव्हण्याला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? मला त्यांचीही किळस आली. तेही लपवत नाही.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ तसंच होतं. चार माणसांत, त्यातून परक्या पुरुषासमोर, ती कधी आलेली मला आठवत नाही. पदर नीट केला, भावाकडं अजिबात बघितलं नाही, आणि हवालदारांना म्हणाली, "सायेब, कुंकू माज्या पोटाला लावलं हुतं. तिच्या कपाळाला न्हाई."

मग हवालदारांनी मान हलवली आणि म्हणाले, बरोबर आहे मावशी. लिहिलं. कप खाली ठेवून निघूनही गेले. मामा उठला, उपरणं झटकलं आणि शांतपणे म्हणाला, आजपासनं तुला म्हायेर न्हाई. आई म्हणाली, भाकरी खाऊन जा दादा. तो बंधाऱ्याच्या वाटेने चालू लागला, आणि आई आत जाऊन उरलेल्या भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी एक भाकरी उरली. ती तिने कुत्र्याला घातली नाही, रात्री स्वतः खाल्ली.

मी गेले. खांद्यावर तारे लागले, आणि पहिल्यांदा सलाम झाला तेव्हा मला तो सहज घेता आला नाही. हात कपाळाशी अवघडला. पाच वर्षं मी सोडून यायचा विचार केला नाही असं म्हणणार नाही. पाइनच्या झाडांमधलं ते रुग्णालय, पाय गेलेली कोवळी पोरं, शून्याखालची थंडी, वर शिस्तीचा काच. पण कंटाळले की मला आईची ती एक भाकरी आठवायची. पाच वर्षं संपली, मी मुदत वाढवून घेतली. लग्नाचं पुढं काय झालं विचाराल, तर झालं, माझ्या वेळेला आणि माझ्या पसंतीने. मामाच्या मुलाचंही यथावकाश झालं. सगळ्यांचं सगळं झालं, एक आईचं सोडून. पंचमीला तिला न्यायला कुणी आलं नाही, दिवाळीत भावाला ओवाळायचं ताट निघालं नाही. रजेवर आले की बघायची, ती सवयीने दारात येऊन चिंचेकडं बघायची, पण बैलं सुटली का ते आता म्हणायची नाही. मी एकदा म्हटलं, चल, मी नेते तुला, बघू कोण आडवतं. तर म्हणाली, न्हाई गं, चष्मा लागलाय, आता दिसत न्हाई तेवढं. असंबद्ध बोलली असं मला तेव्हा वाटलं.

ती गेली तेव्हा मी नोकरीतच होते, देशाच्या पार वरच्या टोकाला. छातीत कळ आली आणि शिरूरला न्यायच्या आधीच संपली. कोपरापर्यंत चुडा भरलेली सवाष्ण बाई. आमच्यात सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, हिरवं, भावाने आणायचं. भावकीतल्या पोराला बंधाऱ्यावरून निरोप घेऊन पाठवलं होतं. दुपार टळेपर्यंत मयत अंगणात होतं. पैलतीरावरून कुणी आलं नाही. बाया कुजबुजायला लागल्या की आता कसं, माहेरच्या लुगड्याविना कसं न्यायचं. तेव्हा माझे वडील उठले, आयुष्यभर माती उकरत बसलेले माझे वडील, आणि पेटी उघडून मी पहिल्या पगारातून पाठवलेलं लुगडं घेऊन आले. आईने त्याची घडी मोडलेली नव्हती. चुलतीने नाक मुरडलं, लेकीचं लुगडं म्हायेरचं म्हणून घालायची रीत न्हाई. वडील म्हणाले, हेच तिचं म्हायेर. हे सगळं मला नंतर कळलं. मी दौंडला गाडीतून उतरून वस्तीवर पोचले तेव्हा नदीकाठी फक्त राख होती, आणि समोर पैलतीरावर चिंच, जिथल्या तिथं.

लष्करातली मुदत संपल्यावर मी शिरूरच्या ह्या दवाखान्यात लागले. तर तिथं तो मामा माझ्यासमोर स्टुलावर पाय ठेवून बसला होता. बाहेरच्या बाकावर त्याची सून बसलेली, माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं पडलेली. ड्रेसिंगसाठी थांबलेली आणखी दोन-तीन माणसं होती. मामाला बोलायला श्रोते मिळाले. "माज्या भनीची पोरगी," तो त्यांना सांगू लागला, "मिल्ट्रीत आफिसर हुती. म्याच जाऊ दिली. न्हाईतर पोरीच्या जातीला कोण सोडतंय." माणसांनी कौतुकाने माना हलवल्या. माझा चिमटा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. मेलेलं मांस मुकाट्याने सुटून येत होतं. ओकारी आली ती त्याने नाही.

बाकीचे गेल्यावर मी विचारलं. इतकी वर्षं विचारायचं ठेवलं होतं, ते फार साध्या आवाजात विचारलं गेलं. "मामा, आईला लुगडं का नाही आणलंत?"

तो चपापला नाही. उलट दुखावल्यासारखा म्हणाला, "आणलं हुतं की. दौंडच्या बाजारातनं चांगलं घेतलं हुतं. बंधाऱ्यापतुर आलो. बघतो तर तुमच्याकडची माणसं सगळी काठावर. म्हटलं, आता लोक म्हंतील, आला गपगुमान. तिथंच हुबा ऱ्हायलो. जाळ लागल्याला बगितला आन् मागारी फिरलो."

"मग त्या लुगड्याचं काय केलं?"

"काय करायचं? नवंकोरं हुतं, वाया कशाला घालवायचं. सुनंनं गोदडीला लावलं." त्याने हनुवटीने खाली दाखवलं. "हीच की."

खाली, स्टुलाशेजारी, मघाशी मीच सोडवून ठेवलेली ती पडली होती. हिरवं लुगडं, तांबडे काठ. बाहेर बसलेल्या त्या सुनेला हे लुगडं कशासाठी घेतलं होतं ते कुणी सांगितलेलंही नसणार. सांगितलं असतं तर कोणत्या बाईने ते पांघरुणाला लावलं असतं. तिने बिचारीने टाके मात्र सुरेख घातले होते, ओळीत, दोन्ही अंगांनी. मी पट्टी बांधली. बीटाडिन, गॉज, वरून गुंडाळी, नेहमीसारखं, घट्ट नाही आणि सैल नाही. मामा म्हणाला, हात हलका हाय गं तुझा, आईवर गेलीस. मी त्याला सांगितलं, मामा, गोधडी घाण झालीय, इथंच राहू द्या. सून आत आली आणि म्हणाली, टाकूनच द्या ताई ती, लई वास मारती. मी हो म्हटलं.

दोन पाण्यात ब्लीचिंग घालून ती मी भिजवली. दवाखान्यातल्या झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणत होत्या, मी करते, सिस्टर, तुम्ही कशाला. पुवाचा डाग निघाला. पुवाचा डाग निघतो, मी म्हटलं ना, तो प्रामाणिक असतो. आता ती दवाखान्याच्या गच्चीवर दोरीवर पडलीय, तिच्यावरून घोडनदीकडचा वारा येतोय आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून हे आठवतेय. काळ सगळं धुऊन काढतो म्हणतात. पुष्कळ काढतो. त्या ओसरीवरची माणसं निम्मी गेली, गावातल्या पोरी आता नर्सिंगला ढिगाने जातात आणि त्यांच्या आया अभिमानाने सांगत फिरतात. माझी शिसारी मात्र अजून ताजी आहे, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. ती गेली तर आईने माझ्यासाठी काय सोडून दिलं होतं, हे लक्षात ठेवणारं कुणी उरणार नाही. वडील होते, तेही गेले.

उद्या मामा पुन्हा ड्रेसिंगला येईल. पाय बरा व्हायला लागला तर म्हातारा गोधडीची चौकशी करेल, थंडीचे दिवस आहेत. पाय मी धुईन, जितके दिवस लागतील तितके दिवस धुईन. गोधडी काही मिळायची नाही.